प्रोस्टेटचा पसरलेला कॅन्सर आणि साधा सीबीसी

प्रोस्टेटचा कॅन्सर पसरला की सगळ्यांचे डोळे पीएसएवर, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्तचाचणीवर. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी, मात्र ‘केमो देता येईल ना?’ एवढंच बघून फाइलला लागतो. पुढचा अंदाज बांधायला तोही कामाचा असतो, पण कधीचा रिपोर्ट आहे यावर सगळं अवलंबून.

हल्ली एनएलआरची, म्हणजे न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या गुणोत्तराची, चर्चा फार. न्यूट्रोफिल ७२ टक्के, लिम्फोसाइट १८ टक्के; ७२ भागिले १८, एनएलआर ४. हार्मोन उपचारांना दाद न देणाऱ्या आजारात हा आकडा चढा असलेल्या रुग्णांचं आयुर्मान सरासरीने कमी भरतं. सीमारेषा मात्र कुठे ३ धरतात, कुठे ५. त्यामुळे एकट्या एनएलआरवर उपचार बदलू नयेत.

शिवाय तो फसवा आहे. अबिराटेरोन या हार्मोन रोखणाऱ्या औषधासोबत प्रेडनिसोलोन असतं, डोसीटॅक्सेल या केमोसोबत डेक्सामेथासोन; दोन्ही स्टिरॉइड. स्टिरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात, आणि आजार होता तिथेच असताना एनएलआर उडी मारतो. लघवीचं इन्फेक्शन, पांढऱ्या पेशी वाढवणारं जी-सीएसएफचं इंजेक्शन यांनीही तेच. उलट डोसीटॅक्सेलनंतर साधारण आठवड्याभराने न्यूट्रोफिल तळाला जातात. तेव्हाचा ‘छान’ एनएलआर बिनकामाचा. तुलनेसाठी स्टिरॉइड सुरू होण्याआधीचा, ताप-इन्फेक्शन नसतानाचा रिपोर्ट जपून ठेवा.

माझा जास्त भरवसा हिमोग्लोबिनवर. एलडीएच, अल्कलाइन फॉस्फटेज, अल्ब्युमिन या रक्तातल्या इतर आकड्यांसोबत ते अंदाजाच्या गणितात धरलं जातं. टेस्टोस्टेरॉन दाबणाऱ्या उपचाराने काही महिन्यांत एखादा ग्रॅम उतरतोच, त्याने घाबरू नये. पण दोन महिन्यांत १२ वरून ९, त्यात हाडं दुखतायत आणि अल्कलाइन फॉस्फटेज चढतंय, तर कॅन्सर अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या भागात, शिरल्याचा संशय घ्यायलाच हवा. अर्थात लघवीतून रक्त जातंय का, लोह, बी-१२ आणि किडनीसाठी क्रिएटिनिन हेही बघायचं. दरवेळी खापर कॅन्सरवर फोडू नये.

प्लेटलेट घसरल्या तर मायक्रोस्कोपखाली बघायची रक्ताची स्लाइड मागा. तिच्यात नॉर्मोब्लास्ट आणि मायलोसाइट, म्हणजे एरवी मज्जेतच राहणाऱ्या कच्च्या पेशी, दिसल्या, तर कॅन्सर मज्जेत शिरल्याची शक्यता बळावते. नुसते प्लेटलेटचे पुंजके दिसले, तर बहुधा दोष जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाचा: पेशी चिकटतात आणि मशीन कमी मोजतं. अशा वेळी निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेऊन आलेला आकडा १.१ ने गुणायचा, कारण त्या ट्यूबमधल्या द्रवाने रक्त थोडं पातळ होतं.