वाळत घोंगडं

दुपारी अडीचला इंटरकॉम वाजला. समोरच्या ग्रिलवर काळं काहीतरी लटकतंय, ते काढा, असा निरोप.

"घोंगडी आहे," मी म्हटलं.

वॉचमन उत्तरेकडचा, नवा. "गोंगडी मतलब?"

"कंबल," म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर उगाच खोटं बोलल्यासारखं वाटलं.

वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत रस्त्याकडच्या बाजूला काही वाळत घालायला बंदी आहे. रीडेव्हलपमेंटचं घोंगडं आठ वर्षं भिजत पडलंय, त्याचं कुणाला काही नाही. माझं एक कोरडं घोंगडं दोन तास उन्हात पडलं तर इमारतीची शोभा जाते.

घोंगडी धुवायची नसतेच मुळी. पौषातलं ऊन दाखवायचं, काठीनं झोडायची, कडुनिंबाचा पाला घालून परत ट्रंकेत. ही आईची. पन्नास वर्षांची तरी असेल. एका कोपऱ्याला कसर लागलीय, बाकी शाबूत. नाक लावलं तर अजून वास येतो, मेंढीचा, चुलीच्या धुराचा आणि तळाशी कुठेतरी चिंचोक्याच्या खळीचा. खळीचा वास इतकी वर्षं टिकत नाही, असं मुलगा म्हणतो. टिकत नसेल. मला येतो.

ती म्हशाच्या जत्रेतली. मुरबाडहून कर्जतच्या रस्त्याला लागलं की म्हसा. पौष पौर्णिमेला तिथं खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. आमच्याकडं देवाला म्हसोबाच म्हणायचे, आणि पुरुषमाणसं जत्रेला नुसतं 'बाजार' म्हणायची, कारण त्यांचं लक्ष गुरांच्या बाजारात. तेव्हा ठाणे जिल्हा पार तलासरीपर्यंत पसरलेला होता आणि त्यातलं वर्ष जत्रांवर मोजलं जायचं. पौषात म्हसा. चैत्रात कोळी-आगरी कार्ल्याला एकवीरेकडं निघाले की उन्हाळा लागला. चैत्र पौर्णिमेपासून डहाणूची महालक्ष्मी. तिकडं जव्हार-मोखाड्याला बोहाड्याचे मुखवटे, ते मात्र मी फक्त ऐकलेत. कोण कधी जन्मलं हेसुद्धा असंच सांगायचे. मी म्हशाच्या आदल्या रविवारची. शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे, माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींसारखी.

दरवर्षी आबा भावाला न्यायचे. त्या वर्षी तो गोवरानं झोपला म्हणून माझी वर्णी लागली. आमच्या जोडीतला एक बैल पावसाळ्यात गेला होता, त्याला जोडीदार बघायचा होता. शेजाऱ्यांच्या गाडीत पेंढ्यावर बसून रात्रभर गेलो. थंडी इतकी, की गाडीवान काकांनी आपली घोंगडी माझ्यावर टाकली. ती टोचत होती म्हणून मी रडले, काढली तर गारठ्यानं रडले.

सकाळी बघते तर भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांमधून नजर पोचेल तिथवर बैल. धसकटांवर धुरळा, रंगवलेली शिंगं, घुंगुरमाळा, कासरे, झुली विकणारे. पाळणा कुठं आहे हे मी शोधत होते, आणि आबा माझा हात धरून बैलांच्या जबड्यांपुढून हिंडत होते. एका पांढऱ्या खोंडाचा ओठ त्यांनी वर केला, मग खाली केला. चार दाती. वरच्या बाजूला बैलाला पुढचे दातच नसतात हे मला तिथं कळलं आणि बैलाबद्दलची माझी निम्मी भीती त्याच क्षणी गेली. इतके दिवस मी बोळक्याला घाबरत होते.

मग दलालानं खांद्यावरचं उपरणं काढून आबांच्या हातावर टाकलं, त्याखाली स्वतःचा हात घातला, आणि दोघंही एकमेकांकडं न बघता लांब कुठंतरी बघायला लागले. तोंडानं अवाक्षर नाही. उपरणं तेवढं हलत होतं, आत उंदीर असल्यासारखं. मध्येच आबांनी मान हलवून हात काढला, चार पावलं चालले, दलालानं "अहो पाव्हणं" करून परत आणलं, परत उपरणं. तिसऱ्यांदा मला राहवलं नाही. मी खाली बसले आणि उपरण्याच्या खालून डोकं घातलं.

आत पिवळसर उजेड होता. आबांचा हात, अंगठ्याचं नख काळं पडलेलं, विळ्याचा जुना वण. त्यांची दोन बोटं दलालानं मुठीत घट्ट धरली होती आणि आबा तिसरं बोट मुडपून तळहातात दडवत होते. एवढंच. दोन म्हणजे दोन काय, शंभर की पन्नास, हे मला कुठलं कळायला. कळलं असतं तर मी ते जत्राभर ओरडून सांगितलं असतं, म्हणूनच तर उपरणं.

दलाल खोखो हसला. "ही पोर यापाऱ्याच्या घरात द्या," म्हणाला. आबा हसले नाहीत. पण सौदा झाला, आणि पाखऱ्या आमचा झाला.

घोंगडीचा भाव मात्र सगळ्या जत्रेनं ऐकला. घाटावरून आलेला विकणारा पस्तिसावर अडला होता, आबा पंचविसावर. दोघंही देवळापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात एकमेकांच्या सात पिढ्यांच्या शेतीचे हाल सांगत होते. अठ्ठावीसला तुटलं. नवीकोरी घोंगडी खळीनं पत्र्यासारखी ताठ, घडीच होईना. पाळणा राहिला. गोडीशेव मिळाली.

घरी आल्यावर आईनं पाखऱ्याच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं आणि विचारलं, "केवढ्याला?"

"झाला व्यवहार," आबा म्हणाले.

मलाही तिनं गोडीशेवेची लालूच दाखवून विचारलं. "दोन बोटं," मी सांगितलं. ती काही बोलली नाही. संक्रांतीला तिच्या पायांत तोडे नव्हते. पुढंही कधी दिसले नाहीत.

ठाण्यात हल्ली हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या मैदानावर 'जत्रा' असते. गेल्या वर्षी सूनबाई हौसेनं घेऊन गेली. शिरताना तिकीट, मनगटाला कागदी पट्टी, मधोमध सजवलेली बैलगाडी. गाडी आहे, बैल नाही. लोक जुवापाशी उभे राहून फोटो काढत होते. एका स्टॉलवर घोंगडी दिसली, घडी घालून रिबीन बांधलेली, ३,२०० ची चिठ्ठी टोचलेली. काही कमी होईल का म्हटलं तर मुलगी गोड हसली, "फिक्स आहे, आजी." मी दुखावल्यासारखी परत फिरले. घ्यायची नव्हतीच, पण म्हणून काय भांडूच नये माणसानं?

भाऊ अजून म्हशाला जातो. नांगराला आता पॉवर टिलर आहे, तरी जातो. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बैलगाड्यांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा खोंडांकडं कुणी बघत नव्हतं म्हणे, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी आली आणि पळणाऱ्या आदत, म्हणजे अजून दुधाचेच दात असलेल्या, वासराची किंमत मोटारसायकलीच्या वर गेली. उपरणं? त्याला हसू आलं. हल्लीची पोरं मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर आकडा दाबतात, समोरच्याला दाखवतात, पुसतात. समोरचा त्याच मोबाईलवर आपला आकडा दाबतो. आजूबाजूच्या कुणाला काही कळत नाही. मला हे ऐकून फार बरं वाटलं, का ते काही सांगता यायचं नाही. यंदा चल म्हणाला. कल्याणपर्यंत लोकल, पुढं मुरबाडची एसटी, आणि गुडघे. बघू.

साडेतीनला घोंगडी काढली. मागच्या बाल्कनीत ऊन येत नाही, तरी तिथं नेऊन टाकली आणि खाली कळवलं.

"थँक्यू मॅडम," वॉचमन म्हणाला. मग जरा थांबून, "कंबल असली ऊन का लगता है. कितने का लिया?"

"अठ्ठाईस रुपये."

तो हसला. त्याला वाटलं, मॅडम भाव लपवतायत.