आमची वाटचाल : उद्यमनगर, व्हॉल्व्ह आणि ते एक टेंडर

वडिलांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक लेथ टाकला, मग स्लुइस व्हॉल्व्ह (पाण्याच्या पाइपलाइनीत पाणी बंद-चालू करणारे) सुरू झाले, पुढं शिरोलीत शेड घेतलं. ती सगळी वर्षं बरी गेली. लिहायचंय ते त्या टेंडरबद्दल.

केंद्र सरकारच्या एका कार्यालयाच्या वसाहतीचं पाणीपुरवठ्याचं काम, आयएस १४८४६ (स्लुइस व्हॉल्व्हचं भारतीय मानक) प्रमाणे पीएन १०, म्हणजे १० किलो दाबाचे व्हॉल्व्ह. फायनान्शियल बिड, म्हणजे दराची पाकिटं उघडली आणि आम्ही एल-१, सगळ्यात कमी दरवाले. लगेच निगोशिएशनला, म्हणजे दराच्या घासाघिशीला बोलावलं. मी कॉस्टिंगचा तक्ता घेऊनच गेलो, पिग आयर्न (कच्चं लोखंड), कोक, गनमेटलच्या रिंगा, मशिनिंग, टेस्टिंग, सगळं किलोवर मांडलेलं, आणि सांगितलं की साहेब, दर वजनातनं निघतो, वजन कमी केलं तर टेस्टला बॉडी गळणार. आमच्या बेंचवर दोन्ही तोंडांना ब्लाइंड फ्लॅन्ज (बिनभोकाची झाकणं) मारून हातपंपानं बॉडीला १५ किलो, अन् मग गेट बंद करून, एक तोंड उघडं ठेवून सीटला १० किलो प्रेशर देतो, काटा हलला किंवा एक थेंब दिसला की माल परत भट्टीत.

थोडा दर कमी करून दिला. पण मागनं त्या कार्यालयानं एल-२ ला, दुसऱ्या नंबरच्या दरवाल्याला पण फोन लावला! तो नुसता ट्रेडर, स्वतःची भट्टी नाही, दुसऱ्याच्या कास्टिंगवर आपली नेमप्लेट ठोकणारा. केंद्राच्या २०१७ च्या जनरल फायनान्शियल रूल्समध्ये स्वच्छ लिहिलंय, बिड उघडल्यावर निगोशिएशन शक्यतो नकोच, आणि अपवाद म्हणून केलंच तर फक्त सगळ्यात कमी दरवाल्याशी. हाच नियम दाखवून लेखी पत्र दिलं तेव्हा कुठं ऑर्डर निघाली.

ऑर्डरमध्ये प्राइस व्हेरिएशनचा क्लॉज (कच्चा माल महागला तर दर वाढवून मिळण्याची अट) नव्हता, पिग आयर्न चढलं, माल पोचला तरी बिल अडकलं आणि बँकेची लिमिट संपली. पगाराला पैसे नव्हते, तेव्हा पॅटर्नचे (ओतकामाचे साचे करणारे) मिस्त्री म्हणाले, "मालक, माझं नंतर बघा, पोरांचं आधी द्या." दुसरा आधार नदीकाठच्या एका उपसा सिंचन संस्थेच्या चेअरमन साहेबांचा, वडिलांच्या काळापास्नं आमचेच व्हॉल्व्ह घेणारे. त्यांनी सीझनच्या आधीच ॲडव्हान्स पाठवला, म्हणून भट्टी पेटती राहिली.

नवीन पोरांनो, जे भांडायचं ते प्री-बिड मीटिंगला, म्हणजे टेंडर भरायच्या आधीच्या बैठकीला लेखी भांडा, व्हेरिएशन, पेमेंटचे टप्पे, इन्स्पेक्शन कुठं होणार, सगळं. बिड उघडल्यावर अटी बदलता येत नाहीत, उरतो फक्त दर, अन् तो खालीच जातो. लघुउद्योगाचं सरकारी उद्यम रजिस्ट्रेशन करून ठेवा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं, ते मागायला लाजू नका.

आम्ही याच कायद्याखालच्या, थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडं अर्ज टाकला तेव्हाच मुद्दल सुटलं. व्याज अजून यायचंय, आणि ते मी सोडणार नाही.