४१७ पुन्हा सापडली

ऑक्टोबर, कॉन्झा प्रेअरी (गवताळ माळरान), कॅन्सस, अमेरिका

इथे छोटे प्राणी सापळ्यात जिवंत पकडायचे, मोजायचे आणि सोडून द्यायचे, हे माझं काम. काल एक हार्वेस्ट माऊस, म्हणजे गवतातला इवलासा उंदीर, सापळ्यात मेला. जेमतेम दहा ग्रॅमचा जीव. थंडी अचानक वाढली आणि त्या सापळ्यात कापूस कमी होता. तो मीच भरला होता. संध्याकाळी सापळे पुन्हा लावताना प्रत्येकात दुप्पट कापूस कोंबला, ओट्स आणि पीनट बटर सढळ हाताने घातलं. तरी रात्री झोप लागली नाही.

पहाटे अंधारातच निघालो. बिग ब्लूस्टेम गवत आता तांबूस झालंय, माझ्या डोक्याच्या वर गेलंय. गवतातून चालताना खांद्यापर्यंत भिजलो. फ्लिंट हिल्सच्या या टेकड्यांत चुनखडक आणि गारगोटी इतकी, की नांगर चाललाच नाही. म्हणून हे उंच गवत राहिलं. बाकी बहुतेक प्रेअरीवर आज मका आणि सोयाबीन आहे. आमच्या सोलापूरकडच्या माळाला लोक सरळ ‘पडीक’ म्हणतात, ते आता कानाला फार लागतं.

इथे माळाचे काही तुकडे मुद्दाम जाळतात; आमचा हा तुकडा बरीच वर्षं जाळलेला नाही. जाळलेल्या भागात डिअर माऊस हे उंदीर जास्त. प्रेअरी व्होल या उंदरासारख्या, आखूड शेपटीच्या प्राण्याला मात्र खाली वाळक्या गवताचा जाड थर लागतो, त्यातूनच त्यांच्या बोटभर रुंदीच्या वाटा जातात.

अशाच एका वाटेवरचा सापळा उचलला तर जड लागला. पिशवीत उलटा केला, मानगूट धरून कान बघितला: ४१७. मे महिन्यात मीच लावलेला टॅग! व्होलचं आयुष्य बहुतेकदा काही महिन्यांचंच, त्यात ही पाच महिने टिकली. वजन ४६ ग्रॅम. पोटावरचे केस झडून सड उघडे पडलेले, म्हणजे बिळात पिल्लं वाट बघतायत. हातमोज्यातूनही तिची धडधड लागत होती. मोजमापं भराभर उरकली.

शेजारच्या सापळ्यात नर होता. १९७० च्या दशकात इलिनॉयमध्ये प्राणिशास्त्रज्ञ लोवेल गेट्झ यांच्या सापळ्यांत तोच नर आणि तीच मादी वारंवार एकत्र सापडायची. प्रेअरी व्होल जोडीने राहतात हे त्यातूनच पुढे आलं. हा ४१७चा जोडीदार आहे का, हे एका सकाळीवरून सांगता येत नाही. दोघांचे नंबर वहीत एकाखाली एक लिहिले.

तिला जिथे धरली तिथेच सोडली. क्षणभर थबकली, मग वाळक्या गवताखाली शिरली. वरची पाती थोडा वेळ हलताना दिसली.

अजून अठरा सापळे बघायचे होते.