तुम्ही विचारलंत म्हणून: कडेची काळी रेघ

मी कंपोझिटिंगचे, म्हणजे वेगवेगळी चित्रे एकावर एक रचून एकच दृश्य बनवण्याचे, काम करतो हे कळल्यावर नवशिके संकलक मला हमखास एकच प्रश्न विचारतात: मॅट, म्हणजे चित्राचा कोणता भाग ठेवायचा हे सांगणारा साचा, तर स्वच्छ निघाली होती, मग पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवताच केसांच्या कडेला काळी रेघ कुठून आली? रेघ दिसली की बहुतेकांचा हात चोकरकडे, म्हणजे मॅटची कड आत ओढणाऱ्या साधनाकडे, जातो. कड एखाद-दोन पिक्सेल आत ओढली की रेघ जाते खरी, पण तिच्याबरोबर केसांच्या बारीक बटाही जातात. माझे उत्तर असे की कात्री बाजूला ठेवून आधी गुणाकार तपासावा.

लाल, हिरवा आणि निळा यांच्या जोडीला, पिक्सेल मागचे चित्र किती झाकतो हे सांगणारी चौथी संख्या म्हणजे अल्फा. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमल आणि अल्व्ही रे स्मिथ यांनी ही कल्पना आणली. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी, रंग साठवतानाच अल्फाने गुणून ठेवल्यास थरावर थर रचण्याचे गणित सोपे होते, हे मांडले. गोंधळाचे मूळ याच सोयीत आहे, कारण काही फाइलींत रंग गुणलेले असतात आणि काहींत नसतात. पीएनजी या चित्र-फाइलीत ते प्रमाणानुसार न गुणलेले, म्हणजे स्ट्रेट असतात; चित्रपटाच्या कामातल्या ईएक्सआर फाइलीत गुणलेले, म्हणजे प्रीमल्टिप्लाइड ठेवण्याचा प्रघात आहे.

केसाच्या कडेवरच्या एका पिक्सेलचा रंग १२०, ८०, ४० आणि अल्फा ०.५ आहे असे धरू. प्रीमल्टिप्लाइड फाइलमध्ये हे आकडे ६०, ४०, २० होतात. २५५च्या पांढऱ्यावर ठेवल्यास लाल रंग ६० अधिक मागच्या पांढऱ्याचा अर्धा भाग १२७.५, म्हणजे सुमारे १८८ यायला हवा. सॉफ्टवेअरने ती फाइल स्ट्रेट समजून पुन्हा ०.५ने गुणली, तर ६०चे ३० होतात आणि उत्तर १५८वर येते, म्हणजे कड काळवंडते. एकाच मालावर दोन नाक्यांवर जकात भरावी, तसा हा प्रकार आहे. केसांच्या दाट भागात अल्फा १ असल्यामुळे कितीही वेळा गुणले तरी काही बदलत नाही, आणि चित्राबाहेर ० असल्यामुळे काही उरतच नाही. म्हणून चूक नेमकी कडेवरच उघडी पडते.

आफ्टर इफेक्ट्स या कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इंटरप्रेट फुटेजच्या चौकटीत फाइल कोणत्या जातीची आहे हे सांगता येते. तिथले गेसचे बटण, नावाप्रमाणेच, अंदाज बांधते. फाइल पाठवणाऱ्याला सरळ विचारलेले बरे.

न्यूक या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये थर एकत्र करणाऱ्या मर्जला रंग गुणलेलेच हवे असतात, पण रंगसुधारणा गुणण्यापूर्वीच्या रंगांवर करावी लागते, म्हणून अनप्रीमल्ट (गुणाकार काढणे), मग ग्रेड (रंगसुधारणा), मग पुन्हा प्रीमल्ट (गुणाकार) असा क्रम असतो. हे मी ऐकून होतो, तरी एकदा घाईत सावली असलेल्या शीर्षकाचा काळा रंग गुणलेल्या अवस्थेतच किंचित उचलला, म्हणजे उजळ केला. जिथे शून्य होते तिथेही तो उजेड मिसळला गेला, आणि माझ्या मॉनिटरवर न दिसलेला फिकट आयत अंधाऱ्या प्रिव्ह्यू थिएटरात रात्रीच्या दृश्यावर सर्वांना दिसला. दिग्दर्शकांनी विचारले, “हा डबा कसला?”