"काही नाही" म्हणाल्या, ते खरंच होतं

"कुठल्या गोळ्या चालू आहेत?" भूल द्यायच्या आधी मी प्रत्येकाला विचारते. त्या बाई "काही नाही" म्हणाल्या. खोटं नव्हतं ते.

पित्ताशयात खडे, दुर्बिणीतून ऑपरेशन. वय ४७, रिपोर्ट चांगले, रात्री नऊपासून पोटात अन्नाचा कण नाही. सकाळी आठला टेबलावर घेतलं. बीपीचा पट्टा बांधताना दंडाची कातडी सैल लोंबताना दिसली.

"वजन उतरवलंत?"

"बावीस किलो. रोज चालते ना."

सिस्टरनी कौतुक केलं. तेवढ्यात बाईंनी तोंडावर हात धरून ढेकर दिला आणि ओशाळून म्हणाल्या, "रात्रीच्या जेवणाची चव येतेय अजून."

अकरा तासांनी? हातातली सिरिंज मी ट्रेमध्ये परत ठेवली. सोनोग्राफीचं मशीन ओढलं, त्यांना उजव्या कुशीवर वळवलं. रिकामं जठर पडद्यावर चपटं दिसतं. हे टम्म फुगलेलं, आत दाणेदार काहीतरी. बेंबीच्या बाजूला सुईचे दोन बारीक निळसर डाग.

"ताई, आठवड्याचं इंजेक्शन घेता?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "यांना माहीत नाही."

सेमाग्लुटाइड, वजन उतरवायचं औषध. तीन आठवड्यांपूर्वी डोस वाढवलेला, तेव्हापासून मळमळ. हे औषध मेंदूला पोट भरल्याचं सांगतं, तसं जठरही सावकाश रिकामं करतं. भूल दिल्यावर घशाची राखण सुटते. पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरलं तर जिवावर बेतू शकतं. ऑपरेशन पुढे ढकललं. सर्जन वैतागले, पण पडदा पाहिल्यावर गप्प झाले.

दुपारी बाईंशी निवांत बोलले. "डोक्यात दिवसभर खायचंच चालायचं. पहिल्या महिन्यात ते बंद पडलं. घरात कुणीतरी रेडिओ बंद करावा तसं." गुडघे हलके झाले, साखर उतरली. मग मध्ये दोन महिने इंजेक्शन थांबवलं, तर सात किलो परत. त्यात नवल नाही. या औषधाच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं होतं. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश भरून आलं. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताचे खडेही होऊ शकतात, आणि या औषधांनीही तो धोका थोडा वाढतो. त्यांचे खडे त्यातलेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. लपवण्याचं कारण विचारलं तर म्हणाल्या, "सुई म्हटलं की माझी मेहनत शून्य होते हो." चालणं खरंच रोज होतं.

चूक माझ्या प्रश्नातही होती. भूलतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने जून २०२३ मध्येच या औषधांबद्दल सावध केलं होतं, आणि मी अजून गोळ्याच विचारत होते.

दहा दिवसांनी परत आल्या. त्यांच्या डॉक्टरांना विचारून एक डोस वगळलेला, आदले चोवीस तास फक्त पातळ पदार्थ. जठर चपटं दिसलं. ऑपरेशन सरळ पार पडलं. शुद्धीवर येताच घोगऱ्या आवाजात पहिला प्रश्न: "इंजेक्शन कधीपासून?"

बाहेर नवऱ्याच्या हातात खड्यांची बाटली होती. ती हलवून दाखवत म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच सांगा तिला. इतकं चालल्यामुळेच झालं ना हे?"

"चालण्याने खडे होत नाहीत," एवढंच म्हणाले आणि पुढच्या केसला गेले.