पुरात भिजलेल्या तीन वह्या

ऑगस्ट २०१९, कोल्हापूर. पंचगंगेचं पाणी उतरायला लागून तीन दिवस झाले होते. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फुटांची, आणि पाणी ५५ फुटांच्या वर जाऊन आलेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, भाजी नाही, पेट्रोल नाही. उपसा केंद्रं बुडाल्यामुळं नदी दारात येऊनही नळ कोरडे होते. माझं बाइंडिंगचं दुकान महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत, जरा उंचावर. तिथवर पाणी आलं नाही. दुकान उघडून बसलो होतो खरा, पण अशा दिवसांत पुस्तक बांधून घ्यायला कोण येतंय?

अकराच्या सुमाराला तीन पोरं आली. पंधरा-सोळा वर्षांची, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. एकाच्या खांद्यावर सिमेंटचं पोतं. त्यानं ते अगदी हळू, अंडी ठेवावीत तसं पायरीवर ठेवलं.

“मामा, ह्या वह्या होतील काय नीट? तालमीच्या हायत. कपाटच आडवं झालतं पाण्यात.”

आत तीन जाड रजिस्टरं होती. फुगून दुप्पट झालेली, कडांना राखाडी गाळ, आणि तो पुराचा वास. बाइंडरला असा वास आला की पहिला हिशेब दिवसांचा. ओल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. मी विचारलं, किती दिवस पाण्यात होत्या? पोरांनी एकमेकांकडं बघितलं. तालमीत शिरायलाच त्यांना आज सकाळी मिळालं होतं.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना सांगायला पाहिजे की आमच्याकडं तालीम म्हणजे फक्त कुस्ती नव्हे. शाहू महाराजांच्या काळात पेठापेठांतल्या तालमींना बळ मिळालं, खासबागचं मैदान उभं राहिलं. पुढं त्याच तालमींच्या पोरांनी फुटबॉल उचलला. आज शाहू स्टेडियमवर दोन पेठांचे संघ समोरासमोर आले की दुपारपासून गल्ल्या ओस पडतात. पण ते मोठ्या संघाचं. त्याला देणगी मिळते, चौकात फलक लागतात, बाहेरून, अगदी परदेशातूनही खेळाडू आणले जातात. लहान पोरांचा संघ मात्र कुणीतरी आपला नोकरीधंदा सांभाळून, उरलेल्या वेळात, एक रुपया न घेता चालवत असतो. मला स्वतःला वाटतं, कोल्हापूरचा फुटबॉल या दुसऱ्या माणसांनी जिवंत ठेवला आहे. त्यांचा फलक मी कधी बघितलेला नाही.

वह्या अशाच एका लहान संघाच्या होत्या. नदीकडच्या पेठेतली तालीम, १९७४ पासूनच्या नोंदी.

गाळ आधी काढायला हवा होता. तो वाळला की कागदात बसतो, मग निघत नाही. त्यासाठी वही मिटलेलीच हातात घट्ट धरून स्वच्छ पाण्यात बुडवायची आणि कडा बोटांनी हलक्या धुवायच्या. स्वच्छ पाणी! घरात टँकरच्या रांगेत उभं राहून आणलेल्या चार कळश्या होत्या. मी काही न बोलता दारात उभा राहिलो, तर बायकोनंच विचारलं, “कुणाचं हाय?” पोरांच्या फुटबॉलच्या वह्या म्हटल्यावर दोन कळश्या बाहेर आणून ठेवल्या. तिचा भाऊ लहानपणी खेळायचा.

वह्या धुऊन झाल्यावर ओळखीच्या छापखान्यातून कोरा न्यूजप्रिंट आणला. छापलेलं वर्तमानपत्र चालत नाही, त्याची शाई पानावर उतरते. उन्हातही ठेवायचं नाही, कागद वाकडातिकडा होतो. दर आठ-दहा पानांमागं एक कोरा कागद, तो ओला झाला की काढायचा, दुसरा घालायचा. वीज येत-जात होती. येईल तेवढा वेळ पंखा. पोरं जायला तयार नव्हती. एक कागद घालत होता, एक काढत होता, तिसरा ओले कागद दोरीवर टाकत होता.

दुपारी पहिली वही थोडी उघडता आली. बांबूची पातळ चीप घालून पान उचललं आणि पोटात गोळा आला. पान निळं. नुसतं निळं. रॉयल ब्लू शाईनं लिहिलेलं सगळं धुऊन गेलं होतं. कुठंतरी एखादी वेलांटी, एखादा उभा दांडा. शिक्क्याची शाई जांभळ्या डागासारखी पसरलेली. हे कार्यकारिणीचे ठराव असणार, अध्यक्षांच्या सह्या, मिळालेल्या ढाली आणि कप. पोतं आणणाऱ्या पोराचं तोंड उतरलं. त्याला ‘सगळं गेलं’ असं सांगायला माझी जीभ उचलेना. मी पुढचं पान उचललं.

आणि तिथं अक्षर होतं. स्वच्छ, करडं, जाड टोकाच्या पेन्सिलीनं लिहिलेलं. पेन्सिलीला पाणी काही करत नाही. हे मला बाइंडर म्हणून चाळीस वर्षं ठाऊक आहे, तरी त्या क्षणी माझे हात थरथरले.

“बूट ५ जोड. पोरं १७. हाफला अदलाबदल.”

“ब्लॅडर फुटला. सायकलवाल्याकडं पंक्चर काढलं.”

“चपलेच्या कारागिरानं स्टड ठोकून दिले. पैसे घेतले नाहीत.”

“गांधी मैदानात पाणी. पोरं तालमीत आणली. हौद्यात खेळवलं. वस्ताद रागावले.”

हे शेवटचं वाचून पोरं हसायला लागली. गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ तळं. पावसाळ्यात ते अजूनही आपली जुनी ओळख दाखवतं. पण कुस्तीच्या लाल मातीच्या हौद्यात फुटबॉल? हळद, तेल, ताक घालून पैलवानांनी जपलेली ती माती. वस्ताद रागावणारच.

मला पुन्हा पुन्हा आठवते ती नोंद वेगळी आहे. मार्च महिना, साल दिसत नाही. “परीक्षा. कोणी आलं नाही. जाळी शिवली.” एवढंच. रिकाम्या मैदानावर एक माणूस संध्याकाळभर बसून गोलची जाळी शिवत होता, आणि घरी जाण्याआधी त्याची नोंद करून गेला.

तो माणूस कोण, हे संध्याकाळी कळलं. पोरांनी निरोप दिल्यावर तालमीचे एक जुने खेळाडू आले. साठीला टेकलेले, स्वतःच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, भिंती धुवायच्या टाकून आले होते. अक्षर बघताच त्यांनी चष्मा काढला.

“हे आमच्या मामांचं. सुतारकाम करायचे. पेन्सिल कायम कानावर.” मग थोड्या वेळानं, “गोलपोस्ट त्यांनीच केलं होतं, अण्णा. गिऱ्हाइकाकडच्या उरल्यासुरल्या लाकडाचं. सामना झाला की सुटं करून आम्ही डोक्यावर घेऊन यायचो.”

पोरांना यातलं काही माहीत नव्हतं. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपल्या कोल्हापूरचा, रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव भारताकडून उतरला, त्यानंतर ही पोरं तालमीत आलेली. त्यांच्यासाठी संघाचा इतिहास तिथून सुरू होत होता. आता ती ओल्या पानावर मान वाकवून बुटांचे जोड मोजत होती.

वह्या पुरत्या वाळायला बारा दिवस गेले. जुनी शिवण काढून नव्यानं जुजबंदी केली, म्हणजे पानांचे जुडगे दोऱ्यानं पुन्हा शिवले, कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातलं, पाठीला कापड लावलं. कटिंग मात्र केलं नाही. मामांनी जागा पुरावी म्हणून अगदी कडेपर्यंत लिहिलं होतं. यंत्राखाली घातलं असतं तर शेवटची अक्षरं गेली असती. कडा ओबडधोबड राहिल्या, राहू दिल्या.

एक पान मला सोडवता आलं नाही. पहिल्या वहीत संघाचा फोटो डकवलेला होता. फोटोवरचा थर पाण्यानं फुगून समोरच्या पानाला चिकटला आणि तसाच वाळला. कोपऱ्यातून चीप घालून बघितली तर एका पोराचा पाय कागदाबरोबर उचलून यायला लागला. थांबलो. पुन्हा भिजवून सुटेल कदाचित, कदाचित चेहरेच जातील. दुसरी प्रत कुणाकडंच नव्हती.

घ्यायला आले तेव्हा मी हे त्या गृहस्थांना सांगितलं. ते म्हणाले, “राहू दे बंद. मी हाय की त्यात.” चिकटलेल्या पानावर त्यांनी तळहात ठेवला, डोळे मिटले आणि मागच्या रांगेपासून नावं सांगायला लागले. पोरानं माझ्या मेजावरची पेन्सिल उचलून त्या पानाच्या पाठीवर लिहून घेतली. मागची रांग पूर्ण झाली. पुढच्या रांगेत डावीकडून चौथ्यापाशी ते अडले. उतरंडीच्या गल्लीतला, डावखुरा, आई भाजी विकायची, एवढं आठवत होतं. नाव आठवेना.

पोरानं ‘४’ आकडा लिहिला, पुढं जागा मोकळी सोडली आणि पाचवं नाव विचारलं.