पेंटरचं दुकान

आमच्या हिशेबाच्या वहीत तीन रकाने आहेत: पाट्या, क्लास आणि हिंडणं. पहिल्या दोघांबद्दल कुणाची तक्रार नाही. तिसऱ्यावरून मात्र दरवर्षी मार्चअखेरीला घरात एकदा तरी वाजतंच. वही आमचे हे लिहितात. वीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीमगिरी केलेला माणूस, आलेला-गेलेला रुपया कुठल्या रकान्यात पडला हे कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. 'हिंडणं' हा शब्दही त्यांचाच. मी 'अभ्यास सहल' लिहा म्हटलं होतं. ते म्हणाले, "अभ्यासाची पावती कुठंय?"

दुकान आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 1978 साली जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्यात स्टेशनच्या रस्त्याला टाकलं. एक खोली, पुढे पत्र्याचं छप्पर, त्याखाली बाकडं. बियाणांची दुकानं, जिनिंग, दवाखाने, ट्रकची फाळकी, सगळ्यांच्या पाट्या इथून रंगून गेल्या. आमच्या स्वतःच्या दुकानाला तेवढी पाटी नव्हती. का नाही असं कुणी विचारलं तर आप्पा म्हणायचे, "काबरं पाहिजे? तू आलाच ना." गावात सगळे 'पेंटरचं दुकान' म्हणत, आजही तेच म्हणतात. पुढे उद्यम नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म भरायला बसले तेव्हा नावाचा रकाना रिकामा सोडता येईना. अर्धा तास विचार करून मी तेच लिहिलं. त्या प्रमाणपत्राची प्रिंट हीच आमची पहिली पाटी म्हणायची.

शाळेतून आले की मी बाकड्यावर. पत्र्याला आधी रेड ऑक्साईड मारायचं, ते वाळलं की पांढऱ्या इनॅमलचे दोन हात. मग सुतळीला नीळ चोळायची, दोन टोकं दोघांनी ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलायची आणि सोडायची. टण्ण. पत्र्यावर सरळ निळी रेघ. दुसरं टोक धरणारी मी. आप्पा पाटी पहिल्या अक्षरापासून लिहायला घेत नसत. आधी खडूने पूर्ण ओळीच्या उभ्या दांड्या मारून घेत, मागे सरकत, डोळे बारीक करत आणि एखादी दांडी पुसून दोन बोटं पलीकडे नेत. 'ट'ला पोट असतं, 'र'ला नसतं. दोघांना सारखी जागा दिली तर 'र' उपाशी दिसतो, असं त्यांचं गणित. ब्रशचा हात कापू नये म्हणून एक काठी, तिच्या टोकाला चिंधीचा गोळा. ती काठी अजून दुकानात आहे. चिंधी मात्र मी चारपाच वेळा बदलली असेल.

2005-06च्या सुमाराला गावात फ्लेक्स आला. आला तोही आप्पांच्या हाताखाली शिकलेल्या मुलानेच आणला. त्याने मशीनच्या पूजेला आप्पांना बोलावलं, नारळ त्यांच्याच हातून फोडून घेतला. आप्पा परत आले आणि एवढंच म्हणाले, "मशीनला 'र' समजत नाही." सहा महिन्यांत पाट्यांचं काम निम्म्यावर आलं. पुढच्या वर्षी ट्रकवाले तेवढे उरले. त्या काळाबद्दल जास्त लिहीत नाही. ज्यांच्या घरात ब्रश होता त्यांना ते माहीत आहे.

मी तोवर जळगावला ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करून आले होते. कुठल्याशा शाळेत कलाशिक्षिका म्हणून लागेन असं घरच्यांना वाटत होतं. अर्ज केले, मुलाखती दिल्या, एका ठिकाणी 'देणगी'चा आकडा ऐकून उठून आले. लग्न गावातच झालं, त्यामुळे सासरहून दुकान दहा मिनिटांवर. 2009च्या जूनमध्ये त्याच पत्र्याखाली सतरंजी टाकून एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांचा क्लास सुरू केला. पहिल्या वर्षी चार मुलं, त्यातली दोन नात्यातली, म्हणजे फी नाही.

सांगायला लाज वाटते, पण पहिली दोन वर्षं मला क्लास म्हणजे शिक्षा वाटायचा. पालक येत आणि पहिला प्रश्न विचारत, "मॅडम, ए ग्रेड पक्की ना?" पुढे तर इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला 7 गुण वाढू लागले, बी ला 5, सी ला 3. गावाच्या लेखी चित्रकलेचा भाव तेवढाच. मुलंही तशीच तयार होऊन येत. स्मरणचित्र काढा म्हटलं की प्रत्येक कागदावर दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि नदीकाठी कौलारू घर. विषय बाजाराचा असो की बसस्टँडचा, मागे डोंगर आलेच. आमच्या गावातून नदी जाते ती हिवरा, वर्षातले बरेच महिने तिच्यात पाणी कमी आणि काटेरी बाभळी जास्त. ती कुणाच्याच चित्रात नाही! मी विचारलं, "हे घर कुणाचं?" एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ते पुस्तकातलं आहे."

त्या रविवारी मी सगळ्यांना आठवडे बाजार भरतो त्या जागी नेलं. बाजार नव्हता. रिकामे ओटे, वांग्यांची देठं, एक गाढव. म्हटलं, बघा, काढू नका. मंगळवारी क्लासमध्ये काढायला लावलं. अकरा मुलांपैकी सात जणांनी गाढव काढलं, पण एकाचंही गाढव दुसऱ्यासारखं नव्हतं. वहीत 'हिंडणं' हा रकाना त्या दिवशी उघडला. खर्च: उसाचा रस, अकरा ग्लास.

वस्तुचित्रासाठी मी प्लॅस्टिकची फळं कधीच ठेवत नाही. हिवाळ्यात भरताची वांगी येतात, हिरवी, पांढऱ्या रेषांची, चांगली मोठी. त्यांच्यावर खिडकीचा उजेड असा पडतो की पोटाशी जवळजवळ पांढरं आणि देठाखाली काळपट हिरवं. शेजारी पितळी तांब्या. पोरांचं गाडं अडतं ते तांब्याच्या तोंडाशी. काठाचा लंबगोल काढताना दोन्ही बाजूंना कोपरे निघतात, जणू डोळा काढलाय. मी सांगते, पेन्सिल ठेव, उठ, तांब्यात पाणी भर आणि काठावरून बोट फिरव. बोटाला कोपरा लागतो का? नाही ना? मग कागदावर कुठून आला? बहुतेकांना एवढ्यात कळतं. ज्यांना नाही कळत त्यांना तांब्या घरी देते. वांगी मात्र देत नाही. दोन दिवस चालतात, तिसऱ्या दिवशी देठ वाकतो, मग संध्याकाळी दुकानामागे तुराट्यांवर भाजून भरीत. त्या दिवशीच्या क्लासला उशिरा कुणी येत नाही.

पाट्यांचं काम पुन्हा उभं राहिलं ते भिंतींमुळे. जिल्हा परिषदेच्या शाळांतून 'बोलक्या भिंती' सुरू झाल्या. पाढे, बाराखडी, नकाशे, प्राणी, सगळं भिंतीवर. हे काम नेमकं उन्हाळ्याच्या सुट्टीत येतं आणि आमच्याकडचा मे महिना म्हणजे 44-45 अंश. भिंत तव्यासारखी, रंग ब्रशवरच वाळतो, रेघ ओढली की मध्येच खडबडते. म्हणून आम्ही पहाटे साडेपाचला सुरू करून दहाला ब्रश धुतो. दुपारी फक्त गप्पा आणि ताक. एका संस्थेने पूर्ण इमारत रंगवून घेतली आणि निम्मे पैसे अजून 'मंजुरीत' आहेत. ह्यांनी ती रक्कम वहीत पेन्सिलीने लिहिली आहे.

दोष दुसऱ्यांचाच असतो असं नाही. एका शाळेच्या दर्शनी भिंतीवर मी फूटभर उंचीच्या अक्षरांत 'आशिर्वाद' लिहिला. शी ऱ्हस्व. अक्षर इतकं झोकदार जमलं होतं की मी फोटो काढून सगळ्यांना पाठवला. संध्याकाळी आप्पांचा फोन आला, "माय, 'शी' दीर्घ नं वं." एक अक्षर बदलायचं म्हणजे नुसती वेलांटी हलवून भागत नाही, शेजारच्यांची जागाही सरकते. पूर्ण ओळ पांढरी केली. दीड दिवस गेला, रंगाचा डबा गेला. तेव्हापासून मोठं काम असलं की मजकूर आधी गावातल्या एका निवृत्त मराठीच्या सरांकडे जातो. ते पैसे घेत नाहीत, पण शुद्धलेखनावर व्याख्यान देतात. तो वेळ धरूनच मी भाव सांगते.

हिंडण्याचं म्हणाल तर त्याला आता बऱ्यापैकी शिस्त आली आहे. परीक्षा आटोपली की अजिंठा. शेंदुर्णी-पहूर करत फर्दापूर, तिथून लेण्यांच्या बसने पुढे. सोमवारी लेणी बंद असतात हे आम्ही एकदा गेटवर जाऊन शिकलो. मुलांना भिंतीवरचा पद्मपाणी काढायची हौस असते. मी त्यांना मान वर करायला लावते. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याच्या छताचे चौकोन बघा, कमळं, फळं, हत्ती, बैल, हंसांची रांग. संकल्पचित्राच्या पेपरला 'चौकोनात पान-फूल बसवा' म्हणतात ना, ते इथे पंधराशे वर्षांपूर्वी बसवून ठेवलंय. आणि कशाने? मातीचा लेप, त्यात भाताचा तूस, वरून चुन्याचा पातळ हात, मग गेरू, पिवळी माती, काजळी. निळा तेवढा बाहेरून आलेला, लाजवर्द दगडाचा. आप्पा एकदाच बरोबर आले होते. बराच वेळ भिंतीशी उभे राहिले आणि म्हणाले, "अस्तर चांगलं होतं म्हणून टिकलं."

परतीच्या गाडीत मी मुलांना रॉबर्ट गिलची गोष्ट सांगते. 1844पासून हा लष्करातला माणूस अजिंठ्याची चित्रं कॅनव्हासवर उतरवत होता. विलायतेला पाठवलेल्या त्या नकलांतल्या बहुतेक 1866मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही बऱ्याच 1885मध्ये लंडनलाच जळाल्या. गिलची कबर आपल्या भुसावळात आहे, हे सांगितलं की गाडीत दोन मिनिटं शांतता. मग कुणीतरी विचारतं, "मॅडम, त्यांना फोटो काढता येत नव्हता का?" काढले की, नंतर फोटोही काढले त्याने.

चाळीसगाव पॅसेंजरच्या अंतरावर, म्हणून केकी मूस यांचं कलासंग्रहालय दोन वर्षांतून एकदा तरी होतं. स्टेशनजवळच्या त्या घरात हा माणूस वर्षानुवर्षं क्वचितच बाहेर पडत राहिला आणि टेबलावर छोटे देखावे मांडून त्यांचे फोटो काढत गेला. 1989च्या 31 डिसेंबरला गेले. मुलांना तिथे अजिंठ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. हिंडल्याशिवाय चित्र येत नाही असं मी क्लासमध्ये सांगते आणि मग मूस यांच्या घरात उभी राहून गप्प बसते. आमच्या ह्यांना ही विसंगती फार आवडते.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तिथे एकदाच नेलं. लांब पडतं. पण घोडा पोज देत नाही आणि व्यापारी हटकतो, त्यामुळे रबर वापरायला वेळच मिळत नाही. त्या एका दिवसात पोरांच्या रेघेत जो वेग आला तो मला सहा महिने सांगून आणता आला नव्हता. 2024च्या फेब्रुवारीत अमळनेरला 97वं साहित्य संमेलन झालं. तिथे मी आणि दोन मोठ्या मुली तीन दिवस गेलो, पुस्तकं बघायला म्हणून. हौसेने कोऱ्या पट्ट्यांवर लोकांची नावं आप्पांच्या वळणात लिहून द्यायला बसलो, तर बसूनच राहिलो. त्यातून चार दुकानांच्या हाताने लिहायच्या पाट्या मिळाल्या. ह्यांनी ती रक्कम 'पाट्या'त घातली. मी काही बोलले नाही.

बोलले ती यंदा. विषय पीजेचा. पाचोरा-जामनेर नॅरो गेज गाडी, आमच्या पिढीची सगळ्यात स्वस्त चित्रशाळा. चारसहा मुलं घ्यायची, स्केचबुक घ्यायचं आणि बसायचं. गाडी इतक्या सावकाश चालायची की कपाशीतली बाई वाकलेली काढायला घेतली तर ती सरळ होईपर्यंत खिडकीत दिसायची. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर. दुधाच्या बरण्या, झोपलेली म्हातारी, दारात बसलेली पोरं, गार्डाची टोपी. 2020च्या लॉकडाऊनमध्ये ती गाडी थांबली ती परत निघालीच नाही, तिथे आता ब्रॉडगेज करायचं ठरलंय. माझ्याकडे तिची सात स्केचबुकं भरलेली. पुण्यात असलेल्या इथल्याच एकाने मोबाईलवर त्यातली दोन पानं पाहिली आणि छापून मागितली. मग त्याच्या भावाने, मग त्यांच्या गावाकडच्या ग्रुपने. दिवाळीला आम्ही बारा पानांचं कॅलेंडर काढलं. तीनशे प्रती काढल्या, संपल्या, पुन्हा दोनशे.

मार्चमध्ये हे वही घेऊन बसले. कॅलेंडरची जमा 'किरकोळ' अशा नव्या चौथ्या रकान्यात मांडत होते. मी म्हटलं, ही हिंडण्याची कमाई आहे, तिथेच पडली पाहिजे. ते म्हणाले, तिथे जमा दाखवायची तर आधी त्या प्रवासाचा खर्च दाखवायला हवा, आणि पीजेच्या खर्चाची एक पावती तुझ्याकडे नाही.

मी आतून सातही स्केचबुकं आणली. प्रत्येक चित्राच्या मागे त्या दिवशीचं तिकीट खळीने चिकटवलेलं आहे, तारखेसकट. सवय आप्पांची, ते पाटीच्या मागे रंगाच्या डब्याचा नंबर लिहायचे. ह्यांनी चष्मा लावला, पहिलं पान उलटं केलं आणि पेन उघडलं. जेवणं त्या दिवशी साडेदहाला झाली. तिकिटं चौसष्ट निघाली.